जाड झालेले हृदय

ओढून ओढून बैलाचा खांदा भरतो, तसे काळीज मोठे झाले तर बरेच, असे आमच्या काही शेतकरी बांधवांना वाटते. आम्हांस हे मत घातक वाटते. रक्तदाब वर्षानुवर्षे १४०/९० च्या वर राहिला, की त्याविरुद्ध रक्त लोटता लोटता हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते. निरोगी माणसात ती जेमतेम १ सेंटिमीटर असते. जाडावलेली भिंत ताठरते, नीट सैल पडत नाही. मग वरच्या कप्प्यावर भार येऊन तो ताणला जातो. स्नायूंत चट्टेही पडतात. ठोक्याचा विद्युत्-संदेश, पाट फुटल्यावर पाणी भलतीकडे धावावे, तसा भरकटतो व नाडी वेडीवाकडी चालते. वरचा कप्पा नुसता थरथरू लागला, की त्यात रक्त साकळते. ती गुठळी मेंदूत गेली, की अर्धांगवायू!

आणि बहुधा हे सारे दुखल्याखुपल्यावाचून होते. म्हणून ‘आता बरे वाटते’ असे सांगून गोळ्या सोडणाऱ्यांवर आमचा राग आहे. (खाऱ्या मासळीवरही आहे, पण ती आम्हांसही आवडते.) औषध नेमाने घेतल्यास भिंतीची जाडी काही अंशी उतरते. नाडी चुकत असेल, तर डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून घ्यावा; सुगी संपण्याची वाट पाहू नये.