अंगातली शेगडी

आपली थंडी ती केवढी! डिसेंबरात एखाद्या पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठले की वर्तमानपत्रे त्याची छायाचित्रे छापतात, आणि आपण गोधडी अधिक घट्ट ओढून ती कौतुकाने पाहतो. त्यामुळे विजेने तापणारे जाकीट घालून मोटरसायकल चालवतात, असे सांगितले तर तुम्ही हसाल. मीही हसलो असतो. पण माझा भाचा जर्मनीत बव्हेरियात राहतो, आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या जुन्या बी.एम.डब्ल्यू. गाडीत या जाकिटाचा रेग्युलेटर कायमचा बसवण्याचे काम मी चार दिवस जवळून पाहिले.

आपण लोकरीच्या कपड्यांना ‘गरम कपडे’ म्हणतो. (मराठीच्या मास्तराला ही खोड असायचीच!) वास्तविक ते गरम नसतात, अंगाचीच ऊब ते राखून ठेवतात. हे जाकीट मात्र शब्दशः गरम. त्याच्या अस्तरात बारीक तारा असतात आणि त्या गाडीच्या विजेवर तापतात. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांतल्या सैनिकांना असेच पोशाख देत असत.

हा चोचला नव्हे. पारा 5 अंशांवर असताना ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला तो उणे 3 अंशांसारखा लागतो. तासाभरात बोटे बधिर होतात, आणि मोटरसायकलचा क्लच अन् पुढचा ब्रेक दोन्ही बोटांच्याच हवाली! बधिर बोटांना ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही. त्यातून आमच्या चिरंजीवांना जानेवारीअखेर ‘हत्तींच्या मेळाव्या’ला जायचे होते. ‘ग्रीन एलिफंट’ या टोपणनावाच्या त्स्युंडाप मोटरसायकलीवरून नाव मिळालेला हा मेळावा 1956 साली सुरू झाला. आता तो बव्हेरियाच्या जंगलात भरतो आणि लोक बर्फात तंबू ठोकून राहतात. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरे.

प्रथम हिशेब. या गाडीचा आल्टरनेटर फार तर 280 वॉट देतो, तेही इंजिन जोरात फिरत असताना. पुढचा दिवा 55 खातो. ठिणगीची यंत्रणा, मागचे दिवे, बॅटरी हे आपापला वाटा घेतात. जाकिटाला सुमारे 75 आणि हातमोज्यांना 25, म्हणजे 12 व्होल्टला आठ अँपिअरहून थोडे अधिक. चालत्या गाडीला हे पेलते. सिग्नलपाशी इंजिन मंद झाले की मात्र बॅटरीच्या पुंजीतून खर्च सुरू होतो. म्हणून भाच्याने शेजारी एक छोटा व्होल्टमीटर बसवला. मला हा शहाणपणा फार आवडला.

रेग्युलेटर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पंख्याचा जुना चौकोनी डबा उभा राहिला. तो नको असलेली वीज स्वतःच्या पोटात जाळायचा आणि तापायचा. हा तसा नाही. तो वीज क्षणभर पूर्ण चालू करतो, क्षणभर पूर्ण बंद. बटण फिरवले की चालू-बंदचे प्रमाण बदलते. शेजारचा तांबडा दिवा त्याच तालावर मिचकावतो.

तारांचे काम मी थोडक्यात सांगतो. बॅटरीपासून जाड तार, बॅटरीला अगदी लागून 15 अँपिअरचा फ्यूज, आणि मध्ये एक रिले. किल्ली काढली की रिले सुटतो आणि जाकीट गार; रात्रभर चालू राहून बॅटरी बसण्याची भीती नाही. जाकिटाचा प्लग मुद्दामच ओढताच सुटणारा. स्वार खाली पडला तर तो गाडीला बांधलेला राहू नये!

पण खरे काम पुढेच होते. पूर्वी हाच रेग्युलेटर कमरेच्या पट्ट्याला लोंबत असे. बटण शोधायचे म्हणजे शंभराच्या वेगात मान खाली घालून मांडीकडे पाहायचे! उबेसाठी रस्त्यावरची नजर काढणे हा सौदा मला तरी आतबट्ट्याचा वाटतो. म्हणून जागा ठरवताना भाचा जाड हातमोजे घालून गाडीवर बसला आणि त्याने डोळे मिटले. डावा हात मुठीवरून सोडून सहज जिथे पडेल, तिथे मी खडूने खूण करायची. सहा वेळा केले. पाच खुणा अंगठ्याएवढ्या जागेत आल्या. त्यावर कागदी चिकटपट्टी लावून, मागे तार नाही ना हे पाहून, त्याने भोके पाडली. दोन बटणे बसली: जाकिटाचे मोठे, हातमोज्यांचे लहान, म्हणजे चाचपून फरक कळावा.

संध्याकाळी साताऱ्याहून आक्काचा फोन आला. मुलाच्या अंगात वीज खेळवली जाते, हे तिला पसंत नव्हते.

“पावसात शॉक बसला तर रे?”

“आई, बाराच व्होल्ट आहेत. टॉर्चच्या सेलला घाबरतेस का?”

“आणि पायांचं काय?”

भाचा माझ्याकडे पाहू लागला. विजेचे पायमोजेही मिळतात. पण आमच्या हिशेबात त्यांच्यापुरते वॉट उरत नव्हते. तसे त्याने तिला सांगून टाकले.

आक्काने दुसऱ्याच दिवशी लोकर आणवली. गुडघ्यापर्यंतचे विणू की घोट्यापर्यंतचे, एवढेच तिने मला विचारले.