विंडोज ११ की लिनक्स? जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी हे वाचा

‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक धडधाकट संगणकही अपात्र ठरतात. मॅकओएस अधिकृतपणे फक्त ॲपलच्याच संगणकांवर चालते.

मग पर्याय कोणता? क्रोमओएस फ्लेक्स आणि लिनक्स मिंट. दोन्ही मोफत आहेत आणि इन्स्टॉल करण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. मात्र टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने घाई करू नये. ते सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे.

ब्राउझर, ई-मेल आणि मुलांचा ऑनलाइन अभ्यास एवढेच काम असेल, तर नव्या लॅपटॉपचा खर्च कशाला? नियम कंपनीने बदलला, म्हणून चालता संगणक निकामी होत नाही.