तुटकं इंग्रजी चालेल, एरर पूर्ण द्या

डेटाबेसवर पोट भरणाऱ्या आमच्या जमातीची एक सवय मला भयंकर खटकते. जगाच्या दुसऱ्या टोकावरून कुणी मोडक्यातोडक्या इंग्रजीत अडचण विचारली, की पहिलं उत्तर अडचणीला मिळत नाही, इंग्रजीला मिळतं. ‘काय म्हणायचंय ते आधी नीट लिही.’ आणि असं फटकारण्यात पुण्या-बंगळुरातले आपले लोक मुळीच मागे नसतात. मराठी माध्यमातून येऊन घासूनपुसून इंग्रजी शिकलेल्यांना दुसऱ्याचं चुकलेलं क्रियापद जरा जास्तच टोचतं, असं माझं निरीक्षण आहे. मी स्वतः सांगलीची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तेव्हा हे घरचंच दुखणं समजा.

माझं काम पोस्टग्रेस या डेटाबेसचं. फावल्या वेळात लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. त्यातला हा एक नमुना. विचारणारा इंडोनेशियातला, आणि प्रश्न एवढाच: ‘टेबल नॉट एक्झिस्ट, बट आय सी हिम.’ खाली एकाने त्या ‘हिम’ची टर उडवली, दुसऱ्याने प्रश्नच कळत नाही म्हणून हात झटकले.

खरं तर त्या ओळीत रोग पुरता सांगितला होता. सर्व्हर म्हणतो टेबल नाही, मला तर ते दिसतंय. पोस्टग्रेस वापरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इथे दोन कारणं लगेच यायला हवीत. दुहेरी अवतरणचिन्हं न लावता लिहिलेलं नाव पोस्टग्रेस आपोआप स्मॉल अक्षरांत बदलून घेतो. एखाद्या टूलने टेबल बनवताना ‘ऑर्डर्स’चा पहिला ओ कॅपिटल ठेवला आणि नाव अवतरणात घातलं, पण माणसाने क्वेरी लिहिताना अवतरणं गाळली, की सर्व्हर स्मॉल ओवालं टेबल शोधत बसतो. यादीत मात्र कॅपिटल ओवालं ढळढळीत दिसत असतं. दुसरं कारण म्हणजे टेबल वेगळ्याच स्कीमात, म्हणजे डेटाबेसातल्या दुसऱ्याच कप्प्यात असणं. मी त्याला लिहिलं, सगळ्या स्कीमांमधल्या टेबलांची यादी काढ आणि जे येईल ते जसंच्या तसं इथे चिकटव. आली यादी. कॅपिटल ओ. अवतरणं लावली, क्वेरी चालली.

मुद्दा असा की अशा वेळी मागायचं ते चांगलं इंग्रजी नव्हे, पुरावा. पोस्टग्रेस एरर छापतो तो सेटिंगप्रमाणे रशियन, जपानी, तुर्की अशा कितीतरी भाषांत. पण प्रत्येक एररला पाच अक्षरांचा एक कोड असतो, तो कुठल्याही भाषेत बदलत नाही. टेबल सापडत नसेल तर ४२पी०१. जी किंमत एकदाच यायला हवी ती दुसऱ्यांदा घुसवली तर २३५०५. पासवर्ड चुकला तर २८पी०१. पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या पीएसक्यूएल या टूलमध्ये एररव्हर्बोस ही आज्ञा दिली की शेवटचा एरर कोडासकट समोर येतो. समोरच्याला इंग्रजीचा निबंध लिहायला लावण्यापेक्षा ही एक आज्ञा सांगणं सोपं.

उलट, अस्खलित इंग्रजीतले पोकळ प्रश्न मी रोज वाचते. तीन परिच्छेद, झकास व्याकरण, ‘अपग्रेडनंतर सगळं फार हळू चाललंय’, आणि आवृत्ती कुठली, क्वेरी कुठली, टेबलात ओळी किती, याचा पत्ता नाही. त्याला कुणी इंग्रजी सुधार म्हणत नाही. तिथे सगळे शांतपणे माहिती विचारतात. तोच शांतपणा इंडोनेशियाच्या पोराला का नाही?

विचारायचीही एक रीत असते. इंडोनेशियन, व्हिएतनामी, चिनी या भाषांत क्रियापद काळानुसार बदलत नाही. त्यामुळे ‘आय इन्स्टॉल एक्स्टेन्शन’ असं आलं की त्याने ते बसवलंय की बसवायचंय, हे विचारूनच घ्यावं लागतं, तेही दोन पर्याय पुढे ठेवून. आणि नकारार्थी प्रश्न तर टाळाच. ‘सर्व्हर रीस्टार्ट केला नाहीस ना?’ याला जपानी माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘हो, नाही केला’ असा असतो. आपणही घरी तसंच बोलतो. इंग्रजीवाला नेमका उलटा अर्थ घेतो आणि पुढचा तासभर दोघं वेगवेगळ्या सर्व्हरबद्दल बोलल्यासारखे बोलत राहतात.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं: आम्ही फुकट मदत करतो, वर एवढी उस्तवार कोण करणार? बरोबर आहे, कुणावर सक्ती नाही. नाही जमत तर पुढच्या प्रश्नाकडे जावं. पण थांबून, वेळ काढून चार टोमणे लिहायला फुरसत असेल, तर ‘एररचा कोड दे’ एवढं लिहायलाही असते. नवख्यांच्या तोंडावर फेकायला लोक एरिक रेमंड यांचं प्रश्न कसे विचारावेत याचं २००१चं मार्गदर्शन वापरतात. इंग्रजी तुमची दुसरी भाषा असेल तर तसं आधीच सांगून टाका, असं त्यातच लिहिलंय, ते मात्र फेकणाऱ्यांनी वाचलेलं नसतं. आणि हा पोस्टग्रेस तरी कुणी घडवला? बर्कलेत जन्मला खरा, पण पुढे त्याच्या गाभ्याचं मोठं काम सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या वादिम मिखेयेव यांनी केलं, आणि जपानीसारख्या लिप्या त्यात नीट साठवता याव्यात म्हणून तात्सुओ इशी राबले.

आता नवीनच पंचाईत झाली आहे. लोक प्रश्न चॅटबॉटकडून धुऊन-इस्त्री करून आणतात. इंग्रजी गुळगुळीत होतं, पण ‘आय सी हिम’ गायब होतं. त्याजागी ‘माझ्या टेबलाशी संबंधित समस्या येत आहे’ छापाचं काहीतरी येतं, आणि वर यंत्राने स्वतःच्या अंदाजाने एखादं कारणही जोडून दिलेलं असतं. मग आधी तो अंदाज खोडा, मग मूळ तक्रार शोधा. म्हणून हल्ली मी विचारणाऱ्यांना सांगते: भाषांतर करून घ्या, हरकत नाही, पण त्याखाली तुमच्या भाषेतला मूळ मजकूरही ठेवा, आणि एररचा फोटो नको, अक्षरं चिकटवा. मजकूर इंडोनेशियन असला तर मी माझ्यापुरतं त्याचं भाषांतर करून घेईन.