उशिरा छापलेले सत्य

२७ जून १९५४ रोजी ग्वातेमालाचे लोकनियुक्त अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांना पदत्याग करावा लागला. त्यांचा अपराध कोणता? १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्यान्वये त्यांनी मोठ्या मळेवाल्यांची पडीक जमीन काढून घेऊन ती भूमिहीनांना वाटावयास आरंभ केला होता. त्या जमिनीत युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीची जमीनही होती. करआकारणीसाठी कंपनीने स्वतःच जी किंमत नोंदविली होती, तीच प्रमाण मानून सरकारने सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर भरपाई देऊ केली. कंपनीच्या वतीने अमेरिकी परराष्ट्र खात्याने मागितले सुमारे १ कोटी ५८ लाख डॉलर! कर भरताना एक भाव आणि भरपाई घेताना दुसरा, असा हा मक्तेदारीचा हिशेब.

अमेरिकेतील सामान्य वाचकापर्यंत हा हिशेब क्वचितच पोचला. कंपनीचे प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी पत्रकारांचे ग्वातेमाला-दौरे कंपनीच्या खर्चाने घडवून आणले. परतलेल्या पाहुण्यांच्या लेखणीतून भूमिहीनांचा प्रश्न मागे पडला आणि कम्युनिस्ट संकटाचे चित्र तेवढे गडद झाले. सी.आय.ए.ने पैसा, शस्त्रे व विमाने पुरवून उभी केलेली काही शे माणसांची टोळी जून १९५४ मध्ये सरहद्द ओलांडून आत शिरली, तेव्हा तिचे वर्णन त्या देशातील जनतेचा उठाव असे झाले.

याच सुमारास सी.आय.ए.चे प्रमुख ॲलन डलेस यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या चालकांकडे शब्द टाकला, की सिडनी ग्रूसन या बातमीदाराला ग्वातेमालापासून दूर ठेवावे. प्रकाशक आर्थर सल्झबर्गर यांनी ते मानले आणि ग्रूसन मेक्सिकोतच राहिले. कोणताही हुकूम निघाला नाही, छापखान्यावर पोलीस आले नाहीत. मुद्रणस्वातंत्र्याचे कलम राज्यघटनेत जसेच्या तसे राहिले, आणि बातमी मात्र बदलली. सत्तेच्या आणि वृत्तपत्राच्या मालकांची ऊठबस एकाच वर्तुळात असली, की सेन्सॉरची गरज उरत नाही. हा सारा प्रकार त्याच वृत्तपत्राने १९९७ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी छापला.

राष्ट्रहितासाठी काही गोष्टी झाकाव्या लागतात, असे यावर सांगितले जाते. हा युक्तिवाद त्याच देशाच्या एका अध्यक्षांनी खोटा ठरविला. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावरील नियोजित स्वारीची बातमी 'टाइम्स'ने सौम्य करून छापली. हल्ला जवळ आल्याचा उल्लेख गाळला. बे ऑफ पिग्जची ती स्वारी पुरती फसल्यावर केनेडींनी या वृत्तपत्राच्या संपादकांना सांगितले, की तुम्ही अधिक छापले असते तर आम्ही एका घोडचुकीतून वाचलो असतो.

ग्वातेमालाला मात्र वाचविणारे कोणी नव्हते. नव्या राजवटीने वाटलेली जमीन काढून घेतली. पुढे १९६० ते १९९६ असे ३६ वर्षे यादवी युद्ध चालले. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या आयोगाने १९९९ मध्ये मृत व बेपत्ता यांची संख्या दोन लाखांवर असल्याचा अंदाज दिला. त्यात बहुसंख्य माया आदिवासी होते. चार दशकांनंतरच्या कबुलीने त्यांतील एकही माणूस परत आला नाही. वेळेवर आलेली बातमी अन्यायाचा हात धरू शकते; उशिरा आलेली केवळ इतिहासकाराच्या कामी येते.

म्हणून परदेशातील एखाद्या 'उठावा'ची बातमी वाचताना कार्यकर्त्याने तीन गोष्टी तपासाव्यात: तेथील जमीन कोणाच्या हाती आहे, शस्त्रे कोणाच्या पैशाची आहेत आणि बातमीदार कोणाचा पाहुणा आहे. ही कसोटी परक्यांच्या वृत्तपत्रांना लावणे सोपे असते. आपल्याच देशाचे सरकार शेजाऱ्याच्या घरात हात घालते तेव्हा ती आपल्या वृत्तपत्रांना, आणि पक्षाच्या मुखपत्रालाही, लावण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आहे, त्यालाच साम्राज्यवादाविरुद्ध बोलण्याचा अधिकार पोचतो.