फॉरमॅट मारण्याआधी

मदरबोर्ड बदलला की पुष्कळदा पंखा फिरतो, दिवा लागतो, पण विंडोज काही येत नाही. दुरुस्तीवाला लगेच म्हणतो, "सर, फॉरमॅट मारावा लागेल." माझा या घाईला विरोध आहे.

विंडोज आणि फायली हार्ड डिस्कवर असतात, मदरबोर्डवर नाही. जुन्या बोर्डासोबत जातात त्या बायोसच्या सेटिंग्ज. जुनी विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेली आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयवर ठेवलेला असेल, तर डिस्क दिसते पण बूट होत नाही. साटाचा मोडही पाहावा: आयडीई, एएचसीआय की रेड? तो बदलला असेल तर निळा स्क्रीन येऊ शकतो. बहुतेक वेळा पूर्वीचा पर्याय निवडला की काम होते. बिटलॉकर असेल तर मात्र ४८ अंकी रिकव्हरी की हवी. ती आधीच लिहून ठेवावी.

आम्हा उर्दूच्या शिक्षकांना हे जास्त बोचते. इनपेजमध्ये रात्री बसून टाईप केलेल्या प्रश्नपत्रिका बाजारात मिळत नाहीत, आणि त्या पडलेल्या असतात डेस्कटॉपवरच. (फायली कुठे ठेवाव्यात, हे बीएडला कोण शिकवतो?)

दुरुस्तीवाल्याची अडचणही समजते. फॉरमॅटचा दर ठरलेला. बायोसमध्ये घालवलेल्या वेळेचे पैसे कोण देतो? ते द्यावेत. तरीही विंडोज आली नाही, तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फायली उतरवून घ्याव्यात. मग खुशाल फॉरमॅट मारू द्या.