मेंदूला यंत्र लावायचं की विचाराची सवय?



बर्डीच्या बाजारात १००० ऐवजी ९९९ लिहिलेलं दिसलं की वस्तू स्वस्त वाटते. 'आज शेवटचा दिवस' ऐकलं की गरज नसली तरी हात खिशात जातो. हा अडाणीपणा नाही, मेंदूचा कलच तसा असतो. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की १०० रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा १०० रुपये गेल्याचं दुःख जास्त असतं. 'संधी हुकेल' ही भीती म्हणूनच विक्रेत्याच्या कामी येते.

मग हा कल बाहेरून बदलता येतो का? झुरिचच्या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने २० फ्रँक वाटायचे. दुसऱ्याने वाटणी नाकारली तर दोघांनाही काहीच नाही. स्वतःला १६ आणि समोरच्याला ४ अशी वाटणी आली की एरवी बहुतेक लोक चिडून नाकारतात. संशोधकांनी कपाळामागच्या उजव्या भागाचं काम चुंबकीय लहरींनी थोडा वेळ मंद केलं. तेव्हा बरेच जण ते ४ फ्रँक घेऊ लागले. आणि गंमत पहा, 'ही वाटणी अन्यायाचीच आहे' असंही तेच सांगत होते! म्हणजे कळत होतं, पण वळत नव्हतं.

हा परिणाम तात्पुरता होता आणि प्रयोग मोठ्या माणसांवर झाला होता. असंच उपकरण डॉक्टर नैराश्याच्या उपचारातही वापरतात. पण मुलांना हुशार करणारं यंत्र ते नक्कीच नाही.

तरीही 'मेंदू जागृत करतो' म्हणत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग आपल्याकडे हजारो रुपये फी घेऊन चालले. मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतं म्हणे! मंगळूरचे नरेंद्र नायक यांनी दाखवून दिलं की ही मुलं नाकाजवळच्या फटीतून पाहतात. आणि मध्यमेंदू तर प्रत्येकाचा जन्मापासून चालूच असतो, त्याला वेगळं काय जागं करणार? इथे मुलाचा मेंदू बदलत नाही. 'शेजारच्यानं प्रवेश घेतला', 'आज भरा, सूट मिळवा' असं सांगून पालकांच्या मेंदूचा कल मात्र बरोबर वापरला जातो.

माझं स्पष्ट मत आहे की हे पैसे वाचवा आणि सवय लावा. नुसतं सांगून भागत नाही, सरावच हवा. गणिताच्या तासाला 'दोनवर एक फ्री'मध्ये एका वस्तूची खरी किंमत मुलांकडून काढून घ्या. २० गोळ्या देऊन वरचा वाटणीचा खेळ वर्गात खेळा आणि 'का नाकारलं?' यावर मुलांना बोलू द्या. घरी एक नियम करा, मोठ्या खर्चाआधी एक रात्र थांबायचं. मुलं ते पाहूनच शिकतात.

तुमच्या वर्गात असा एखादा उपक्रम घेत असाल तर नक्की कळवा.