चित्राखाली नाव कोणाचे?



गेल्या पावसाळ्यात डहाणू तालुक्यातल्या एका वारली चित्रकार ताईंच्या वेबसाइटच्या कामात मी होते. हे तंत्रज्ञाचे काम, आपण फक्त सोबतीला, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच बैठकीत मोडली.

वेबसाइट करणाऱ्या मुलाने बत्तीस चित्रे लॅपटॉपवर नीट मांडून आणली होती. प्रत्येकाखाली चित्रकार म्हणून नाव ताईंच्या नवऱ्याचे, कारण चित्रावर सही त्यांची. ताईंनी एकेक चित्र पाहिले आणि म्हणाल्या, "यातली एकोणीस माझ्या हातची. सही तेवढी त्यांची." नवरा शेजारीच बसला होता. त्याने नाकारले नाही. "गिऱ्हाईक माझं नाव ओळखतं," एवढेच म्हणाला.

वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा तो सवाशिणींनी. लग्न लावते तीही धवलेरी. १९७० नंतर चित्र भिंतीवरून कागदावर आले, बाजारात गेले, आणि पुरुष पुढे आले. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. पण पिढ्यान् पिढ्या भिंती लिहिणाऱ्या बायांपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील?

कायदा इथे बाईच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार चित्राचे हक्क लिहून दिले तरी 'हे मी काढले' असे सांगण्याचा हक्क काढणारीकडेच राहतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण ते समूहाच्या कलेला आहे, एकेका बाईच्या नावाची राखण त्याने होत नाही.

तीन संध्याकाळी आम्ही चौघे बोलत बसलो. अखेर एकोणीस चित्रांखाली ताईंचे नाव लागले, सहांखाली दोघांचे, सातांखाली नवऱ्याचे. जुनी गिऱ्हाइके फसवल्यासारखे मानतील, ही त्याची भीती खोटी नव्हती. म्हणून 'पूर्वी घरातल्या सर्वांच्या चित्रांवर एकच सही होत असे' असे एक वाक्य घातले.

आता माझी चूक सांगते. ताईंचा परिचय मी लिहिला होता. त्यात गरिबी, निरक्षरता, सोसणे सगळे होते. चित्राविषयी दोन ओळी. वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, हे माझ्या दुःखाचं लिहिलंत. कामाचं कुठाय?" मी तो कागद फाडला. नवा परिचय त्यांनी सांगितला, मी फक्त उतरवून घेतला. लग्नचौकाचे चित्र विक्रीच्या पानावर नको, हेही त्यांनीच ठरवले. तो देवाचा, त्याला किंमत लावायची नाही.

गटांतल्या बाया आता शिवण, गोधड्या, चित्रे घेऊन वेबसाइटकडे वळत आहेत. त्यांच्यासोबत बसताना काही गोष्टी आधी विचारू या. वेबसाइटचे नाव कोणाच्या नावावर नोंदले? पासवर्ड कोणाकडे? दरवर्षीचे शुल्क कोण भरणार? ते चुकले तर पत्ताच हातचा जातो. घरचा पत्ता आणि स्वतःचा फोन नंबर जगजाहीर करायचा का? चित्राचा मोठा फोटो टाकला तर कोणीही तो छापून विकेल, म्हणून लहानच टाकावा. आणि प्रत्येक चित्राखाली काढणारीचे नाव, साल, माप, साहित्य.

वेबसाइट झाली. पण पैसे अजून नवऱ्याच्याच खात्यात जमा होतात. नाव मिळाले म्हणजे हक्क मिळाला असे नाही, हे आपण सातबाऱ्याच्या लढाईत शिकलोच आहोत. ताईंचे स्वतःचे बँक खाते उघडण्यासाठी पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो आहोत.

तुमच्या गटात असे काही घडले असेल तर जरूर कळवा.